जुनी गाडी, पुणे ते लेह: वाटेत बंद पडली तर

प्रश्न असा आहे. दोघे मित्र जुलैमध्ये पुण्याहून लेहला निघणार आहेत. एकाकडे रॉयल एनफिल्डची २०१६ ची कार्बोरेटरवाली क्लासिक ३५०, दुसऱ्याकडे तीच गाडी, २०१८ ची. हाताशी पंधरा दिवस. दोघांनीही आजवर पंक्चरसुद्धा स्वतः काढलेलं नाही. मनाली-लेह रस्त्यावर गाडी बंद पडली तर काय करायचं, सोबत काय न्यायचं, आणि मुळात इतकी जुनी गाडी न्यावी का, असं विचारलंय.

माझं साताऱ्यात दुचाकींचं गॅरेज आहे आणि त्या रस्त्यावर स्वतःच्या आणि वाटेत भेटलेल्या परक्यांच्या गाड्या उघडून बसण्याचा मला भरपूर सराव आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

गाडी नेता येईल. पण पंधरापैकी दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवणार असाल तरच. लोक माझ्याकडे पान्यांची यादी मागायला येतात आणि मी त्यांना आधी तारखा विचारतो. पुणे ते मनाली साधारण १,९०० ते २,००० किलोमीटर, तिथून लेह आणखी सव्वाचारशेच्या वर, आणि परत येणं आहेच. रस्त्यात अडकलेली जी मंडळी भेटतात, त्यांच्या गाडीला झालेलं बहुतेक वेळा साधंच असतं. क्लचची वायर, पंक्चर, ढिला झालेला बॅटरीचा टर्मिनल. पण ते नीट करायला लागणारे तीन तास त्यांच्याकडे नसतात. संध्याकाळपर्यंत कुठेतरी पोहोचायचं असतं, तिथलं बुकिंग झालेलं असतं, परतीची तारीख साहेबांना सांगितलेली असते. मग अर्धवट काम करून गाडी हाकली जाते, पुढच्या नाल्यात तीच गाडी पुन्हा बंद पडते, आणि आता अंधार पडलेला असतो. पहिला बिघाड गाडीचा होता. दुसरा घाईने केलेला असतो.

म्हणून निघण्याआधी दोघांनी बसून एक गोष्ट ठरवा. गाडी थांबली की तीनच मार्ग असतात. इथेच दुरुस्त करायची, जुगाड करून हळूहळू पुढच्या गावापर्यंत न्यायची, किंवा ट्रकमध्ये चढवायची. कोणत्या बिघाडाला कोणता मार्ग, हे घरी चहा पिताना ठरवा. तिथे, वाऱ्यात, रिकाम्या पोटी ठरवायला गेलात तर भांडण होतं. मी स्वतः दीड तासाची मर्यादा पाळतो. दीड तासात कारण सापडलं नाही तर पाने गुंडाळायचे आणि येणाऱ्या ट्रकला हात करायचा. एकाने "अजून एकदा बघू" म्हटलं तरी दुसऱ्याने घड्याळ दाखवायचं.

आता तयारी. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. गाडी उघडली की काहीतरी हललेलं असतं. एखादा नट कमी आवळलेला, एखादी पिन नीट न बसलेली. हे पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये बाहेर येतं. तीन आठवडे आधी काम करून घ्या आणि मग पूर्ण सामान लादून ताम्हिणी किंवा वरंध घाटातून दोन दिवस गाडी फिरवा. सामान लादूनच, कारण कॅरियरचे बोल्ट, मागचे स्पोक आणि मागचं सस्पेन्शन वजनाखालीच बोलू लागतात. चेन-स्प्रॉकेट निम्म्याहून जास्त झिजलेलं असेल तर "अजून चालेल" हा विचार सोडून पूर्ण किट बदला. मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटाने मागे ओढून बघा. दातापासून सुटून निम्मा दात दिसायला लागला की तिचं आयुष्य संपलं. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि लांब उतारावर तापलं की लिव्हर मऊ पडतो. टायर अर्धे झिजलेले असतील तर नवीन घाला, आणि ते किमान दोनशे किलोमीटर वापरून मग निघा.

एक परीक्षा मात्र द्याच. जी हत्यारं सोबत नेणार आहात, फक्त तेवढीच घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागचं चाक काढा, ट्यूब बाहेर काढा, परत घाला आणि हवा भरा. शेजाऱ्याचा पाना मागायचा नाही. मागच्या ॲक्सलच्या नटाला लागेल तो पाना कंपनीच्या टूलकिटमध्ये कधी असतो, कधी नसतो. असला तरी त्याचा दांडा इतका आखूड असतो की गॅरेजमध्ये गनने आवळलेला नट त्याने हलत नाही. हे पार्किंगमध्ये कळलं तर साठ-सत्तर रुपयांच्या लोखंडी पाइपच्या तुकड्याने सुटतं. लेहच्या वाटेवरच्या मोरे प्लेन्सच्या निर्जन पठारावर कळलं तर दिवस जातो.

पंक्चरबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळा तेच होणार आहे आणि तुमच्या गाड्यांना ट्यूबचे टायर आहेत. ट्यूबलेसवाले बाहेरून रबराची वात खोचून दहा मिनिटांत निघतात, तुम्हाला चाक काढावंच लागेल. पुढची १९ इंची आणि मागची १८ इंची, अशा दोन्ही नव्या ट्यूब सोबत ठेवा. रस्त्यावर पॅच मारत बसू नका. थंडीत सोल्युशन वाळत नाही, धूळ बसते, पॅच सुटतो. ट्यूब बदला आणि पंक्चर झालेली मुक्कामाच्या गावी पंक्चरवाल्याकडून करून घ्या.

गाडी मेन स्टँडवर सपाट, घट्ट जागी लावा. स्टँडखाली माती मऊ असेल तर चपटा दगड सरकवा. चाक काढण्याआधी दोन्ही बाजूंचा चेनचा ताण कुठल्या खुणेवर आहे याचा फोटो घ्या, परत लावताना चाक वाकडं बसत नाही. व्हॉल्व्हची पिन काढून उरलेली हवा जाऊ द्या. टायरची कड रिमपासून सुटत नसेल तर बूट घालून टायरवर उभे राहा, रिमच्या अगदी जवळ. मग टायर उचकटायचे लिव्हर लावायचे, आणि इथे सगळे चुकतात. जोर लावतात. जोर लागतोय याचा अर्थ समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरलेली नाही. समोरून गुडघ्याने टायर दाबा, कड आत जाऊ द्या, मग लिव्हर दोन बोटांच्या जोराने उलटतो. थोडं-थोडं, दोन-दोन इंच.

ट्यूब बाहेर आली की तिच्यात फुंकर मारून भोक शोधा आणि ट्यूब टायरवर जशी होती तशी, व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह लावून धरा. भोक ट्यूबवर जिथे आहे, टायरमध्ये खिळा तिथेच कुठेतरी आहे. टायरच्या आतून हात फिरवा, हातात कापड घेऊन. खिळा न काढता नवी ट्यूब घातली तर पाच किलोमीटरवर हेच सगळं पुन्हा करायचं आहे. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर खिळा शोधू नका, ती दगडावर आपटून रिममध्ये चेंगरली आहे, म्हणजे हवा कमी होती. आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर टायर रिमवर घसरत होता, त्याचंही कारण कमी हवाच. वाळू-दगडात हवा कमी ठेवावी असं ऐकून लोक खूप कमी करतात. सामान लादलेल्या बुलेटला ते चालत नाही.

नवी ट्यूब घालताना आधी तिला थोडी हवा द्या, नुसता आकार येण्यापुरती. मग ती वळत नाही आणि लिव्हरखाली चिमटत नाही. शेवटची कड व्हॉल्व्हच्या जागी बसवा, कारण तिथे ट्यूबचा जाड भाग मध्ये येतो आणि कड खोल उतरत नाही. पंप पायाचा घ्या. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असेल तर उत्तम, इंजिन चालू ठेवून वापरायचा. साडेचार हजार मीटरवर हातपंपाचे झटके मारताना दम लागतो. पंप अर्धा-अर्धा वाटून घ्या.

दुसरी नेहमीची गोष्ट क्लचची वायर. ही एका क्षणात तुटत नाही. हँडलवरच्या क्लच लिव्हरच्या बाजूला, शिशाच्या गोळीजवळ, एक-एक तार आधी सुटते. रोज सकाळी लिव्हर दाबून तिथे नजर टाका. एखादी तार उभी राहिलेली दिसली की त्याच मुक्कामी वायर बदला. नवी वायर डिकीत ठेवू नका. जुन्या वायरीच्या शेजारूनच, त्याच वाटेने टाकी-खालून ओवून, दोन्ही टोकं प्लास्टिकने बांधून ठेवा. जुनी तुटली तर टाकी न काढता टोकं बदलायची, वीस मिनिटांचं काम. ॲक्सिलरेटरच्या वायरीचंही तेच.

समजा नवी वायरही गेली. इलेक्ट्रिकलच्या दुकानात वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या कनेक्टरच्या पट्ट्या मिळतात. त्याच्या आतला पितळी तुकडा, दोन बारीक स्क्रूवाला, बाहेर काढून दोन-तीन खिशात टाका. गोळी तुटलेल्या वायरीच्या टोकाला तो तुकडा घालून दोन्ही स्क्रू घट्ट आवळले की तीच नवी गोळी. यावर पूर्ण दिवस चालवू नका, पण पुढच्या गावापर्यंत नक्की जाता येतं. क्लच फक्त गाडी सुटताना दाबायचा. वरचे गियर रेस किंचित सोडून हलक्या पायाने पडतात. आजच मोकळ्या रस्त्यावर क्लच न दाबता दुसऱ्याचा तिसरा टाकून बघा, खटका न बसता पडायला लागेपर्यंत. हा सराव असला तर वायर अजिबात नसतानाही उतारावरून गाडी सोडून पहिला टाकता येतो आणि निघता येतं. चढावर मात्र हा खेळ करू नका.

लिव्हर तुटणं हा याच जातीचा त्रास. गाडी जागेवर आडवी झाली तरी लिव्हर मोडतो. हँडलवर लिव्हरचा जो ब्रॅकेट आवळलेला असतो, तो इतकाच घट्ट ठेवा की जोराने ढकलल्यावर फिरेल. पडताना तो फिरतो आणि लिव्हर वाचतो. तरी क्लचचा आणि पुढच्या ब्रेकचा एक-एक लिव्हर सोबत हवाच.

आता "गाडी चालूच होत नाही" हा प्रकार. इथे शिस्त पाळायची. स्वस्त आणि समोर दिसणारं आधी, उघडावं लागणारं नंतर. आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. कोणाचा तरी ग्लोव्ह लागून तो बंद झालेला असतो आणि अर्धा तास प्लग काढण्यात जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की ते पहिलंच बघतो. मग पेट्रोलचा कॉक. मग न्यूट्रलचा दिवा. दिवाच लागत नसेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि मेन फ्यूज. फ्यूज कुठे आहे ते आजच बघून ठेवा, आणि त्याच अँपिअरचे चार जादा ठेवा. फ्यूज घातल्या-घातल्या पुन्हा उडत असेल तर तिसरा घालू नका. कुठेतरी वायर घासून बॉडीला लागली आहे. हँडल वळतं तिथे मानेपाशी आणि मागच्या कॅरियरच्या खाली आधी बघा, विशेषतः नुकतेच जादा दिवे किंवा मोबाइल चार्जर बसवला असेल तर. निघायच्या तोंडावर बसवलेले असले जोड मी तरी काढूनच टाकायला सांगतो.

दिवा लागतो, सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही, तर प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, करंट बघा. काळा-काजळी असेल तर मिश्रण जास्त होतंय, पुसून परत लावा. पेट्रोल येत नसेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. उघडताना "सूं" असा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीवरच्या बॅगेच्या रेनकव्हरनेही ते बुजतं. अशी गाडी दहा-वीस किलोमीटर छान पळते आणि मग घुसमटून थांबते, आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात. पेट्रोलमध्ये पाणी आल्याची शंका असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी खाली वेगळं बसलेलं दिसतं. दोन-तीनदा काढून टाकलं की बहुतेक वेळा भागतं.

चार्जिंग गेलं असेल, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाखवायला हवेत ते साडेबाराच्या खालीच घसरत असतील, तरी घाबरू नका. कार्बोरेटरवाल्या गाडीला चालायला फार थोडा करंट लागतो. सेल्फ वापरू नका, किक मारा. हेडलाइट बंद ठेवा. २०१६ च्या गाडीला त्याचं बटण आहे. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, तेव्हा २०१८ वाल्याला हेडलाइटचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढावा लागेल. दिवसाउजेडी मुक्कामाला पोहोचा आणि रात्री बॅटरी चार्जिंगला लावा. याउलट व्होल्ट पंधराच्या वर जात असतील तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग, गेलाय, आणि तो बॅटरीसकट पुढचं सगळं जाळतो. त्याचा कपलर काढून वर सांगितल्याप्रमाणेच चालवा.

दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या आहेत, हा तुमचा मोठा फायदा. शंका आली की चालू गाडीचा प्लग, प्लगची कॅप, फ्यूज काढून बंद गाडीला लावून बघा. पाच मिनिटांत खात्री होते. रेग्युलेटर मात्र असा बदलून बघू नका. वायरिंगमध्येच दोष असेल तर चांगल्या गाडीचाही जाईल आणि दोन गाड्या बंद पडतील.

उंचीवर जे होतं तो बिघाड नाही, हे आधीच माहीत असलं तर जीव टांगणीला लागत नाही. मनाली-लेह रस्त्यावरची तंगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या जवळपास निम्मा असतो. कार्बोरेटर पेट्रोल मात्र पुण्याच्याच मापाने सोडत राहतो. त्यामुळे गाडी ओढत नाही, सायलेन्सरमधून काळसर धूर येतो, न्यूट्रलला सोडली की बंद पडते. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरने हे बरंच सावरून घेतात, पण ताकद त्यांचीही घटतेच. तुम्ही आयडलचा स्क्रू, म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा, थोडा वाढवा, एअर फिल्टर झटकून घ्या आणि पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये शांतपणे चढा. "फिल्टर काढून टाका, ओढेल" असं कोणीतरी सांगेल. काढू नका. ती धूळ सिलिंडरमध्ये जाते. आणि चढावर गाडी ओढत नाही म्हणून क्लच अर्धा दाबून रेस करत राहिलात तर प्लेटा जळतात. जळकट वास आला की त्याच क्षणी थांबा, अर्धा तास थंड होऊ द्या. लडाखमध्ये ट्रकमध्ये चढवाव्या लागणाऱ्या गाड्यांमध्ये जळलेल्या क्लचच्या गाड्या खूप असतात.

पाण्याचे नाले सकाळी ओलांडा. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर तोच नाला दुप्पट होतो. नाल्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, किकही नाही. इंजिनात पाणी शिरलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, मग किक मारा. पाणी असेल तर पिचकारीसारखं बाहेर येईल. एअर फिल्टर पिळा, सुकवा. ऑइलच्या काचेत बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन चालवू नका. सोबतचं एक लिटर ऑइल याचसाठी असतं. ते पुरेसं नसलं, तर ट्रकवाल्यांकडून घेतलेल्या ऑइलवर हळू चालवून पुढच्या गावी पुन्हा बदलणं हा मार्ग मला मान्य आहे.

चेन तुटली तर जादा चेन-लॉक लागतो. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. इंजिनाला दगड लागून ऑइल गळू लागलं तर जागा पेट्रोलने कोरडी ठक्क पुसून एम-सील मळून लावा आणि ते पूर्ण कडक होईपर्यंत हात लावू नका. थंडीत त्याला बराच जास्त वेळ लागतो. बाकी यादी छोटीच ठेवा: एक प्लग, कॅप, बाइंडिंग वायर, प्लास्टिकचे टाय, इन्सुलेशन टेप, वेगवेगळ्या मापाचे थोडे नट-बोल्ट, डोक्याला लावायची टॉर्च, स्वस्तातला मल्टीमीटर. जे तुम्हाला बसवता येत नाही ते नेऊ नका. क्लच प्लेटा, बेअरिंग, पिस्टन हे सगळं मनालीत आणि लेहमध्ये मिळतं, बसवणारेही तिथेच आहेत.

पेट्रोल वेगळं सांगावं लागतं. मनालीहून लेहकडे जाताना लागणाऱ्या तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. टाकी साडेतेरा लिटरची. मैदानात ३५ चं ॲव्हरेज देणारी गाडी चढावर, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, बरीच खाली येते. प्रत्येकी पाच लिटर जादा घ्या, चांगल्या धातूच्या किंवा इंधनासाठीच्या कॅनमध्ये. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेऊ नका, हादऱ्याने ती झाकणापाशी फुटते.

आता गाडीपेक्षा महत्त्वाचं. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, मनाली-लेह वाटेवरचं सर्चू ४,२०० च्या वर, पुढचं पांग त्याहूनही वर. इथे गाडी बंद पडली की माणसं ती ढकलतात, खाली बसून नट ओढतात, पाणी प्यायला विसरतात, आणि दोन तासांनी डोकं ठणकायला लागतं. मग साधा निर्णयही सुचत नाही. मी तिथे गाडी थांबली की आधी सावलीत किंवा वाऱ्याच्या आडोशाला बसून पाणी पितो, काहीतरी खातो, पंधरा मिनिटं गाडीला हात लावत नाही. कोणाला उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर गाडी तिथेच कडेला लावून मिळेल त्या वाहनाने खाली उतरा. गाडी उद्या आणता येते. मनालीकडून चढणार असाल तर पहिला मुक्काम सर्चूऐवजी जिस्पाला करा, ते साधारण ३,२०० मीटरवर आहे. मोबाइल पोस्टपेड हवा, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. आणि पोस्टपेड असलं तरी दारचापासून पुढे लांब टप्प्यांत नेटवर्कचा भरवसा धरू नका. त्यामुळे विम्याबरोबर मिळालेल्या रोडसाइड असिस्टन्सच्या नंबरवर विसंबू नका. तिथला खरा आधार म्हणजे ट्रकवाले, ढाब्यांचे तंबू आणि लष्कराच्या व सीमा सडक संघटनेच्या छावण्या.

ट्रक थांबवणं सोपं आहे. लेहला माल टाकून मनालीकडे परतणारे बरेच ट्रक रिकामे असतात. भाडं आधी ठरवा, घासाघीस माफक करा, तो माणूस त्याचा वेळ देतोय. अवघड असतं ते दोनशे किलोच्या आसपासची गाडी वर चढवणं. उचलू नका, पाठ जाते. ड्रायव्हरला सांगून ट्रक रस्त्याकडेच्या उंचवट्याला मागून लावा, म्हणजे फाळका आणि जमीन एका पातळीवर येतात आणि गाडी सरळ ढकलत आत जाते. आत ती मेन किंवा साइड स्टँडवर सोडायची नाही. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवा, मध्ये जुना टायर किंवा गोणपाट घाला, हँडलच्या खालून दोन्ही बाजूंना दोर ताणून पुढचे शॉकअप अर्धे दाबले जातील इतके आवळा, मागचं चाक दोन्हीकडून बांधा, गियरमध्ये ठेवा, पेट्रोलचा कॉक बंद करा. तासाभराने ट्रक थांबवून दोर पुन्हा ताणून घ्या, पहिल्या तासात ते हमखास सैल पडतात.

अनोळखी मेकॅनिककडे गेलात की काय झालं ते क्रमाने सांगा. "गाडी बिघडली" एवढं पुरत नाही. "वीस किलोमीटर चालली, मग घुसमटून थांबली, दहा मिनिटांनी परत चालू झाली" असं सांगा. निदान निम्मं तिथेच होतं. तो काम करताना जवळ बसा, काढलेले भाग एका कापडावर क्रमाने ठेवा, बदललेला जुना भाग मागून घ्या. त्याला घाई करू नका. आणि त्याने दहा मिनिटांत काम केलं म्हणून पैसे कमी देऊ नका, त्या दहा मिनिटांमागे त्याची वर्षं आहेत.

राहिला रस्त्याचा प्रश्न. मी तुमच्या जागी असतो तर मनालीकडून चढलो नसतो. जुलैत मंडी-कुलूच्या बाजूला पावसाने दरडी येतात, आणि त्यानंतर लगेच सर्चू-पांगचा निर्जन टप्पा येतो, तोही उंचीची सवय होण्याआधी. श्रीनगर, सोनमर्ग, द्रास, कारगिल असं चढा. झोजी ला साडेतीन हजार मीटरचा, फोटू ला ४,१०८ मीटरचा, आणि त्यात सगळ्यात उंच तोच. वाटेत वस्ती आहे, कारगिलला पंप आहे, गॅरेज आहेत. जुन्या गाडीचे जे काही दुखणे असेल ते त्या बाजूला निघालं तर उपाय जवळ असतो. लेहमध्ये एक अख्खा दिवस गाडीला द्या. चेनचा ताण, स्पोक, क्लचची वायर, ऑइल, दोन्ही टायरची हवा, कॅरियरचे बोल्ट, सगळं स्वतःच्या हाताने तपासा. मग परत येताना मनालीची वाट धरा, लेहजवळच्या कारूच्या पंपावर टाकी आणि कॅन काठोकाठ भरून, पहाटे. मोकळे ठेवलेले दोन दिवस तोवर शिल्लक असतील तरच. खर्च झाले असतील तर आल्या वाटेने, कारगिलमार्गे परता.